हौशी नाटकाला माणसं येतात पण टिकत नाहीत, तुमच्याकडे काय करता?

पडेल_ते_काम (देवगड):

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. देवगड तालुक्यात आमचं एक हौशी नाट्यमंडळ आहे, नाव लिहीत नाही कारण आमच्यातलेच तिघंचौघं इथे वाचत असतात आणि मग तालमीला माझीच शाळा घेतील. सगळे कामधंदेवाले. कोणी बागायतदार, कोणी मास्तर, दोघं बोटीवर जाणारे, एक अंगणवाडीतल्या बाई, एकाचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. पगार कोणालाच नाही, उलट खिशातलेच जातात. यंदा दोन अंकी नाटक बसवतोय, दिवाळीच्या आसपास गावात एक प्रयोग आणि मग राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला जायचं असा बेत आहे.

दुखणं असं की वाचनाला शाळेचा वर्ग भरतो, बाकं पुरत नाहीत. मग पात्रं ठरतात आणि दुसऱ्या दिवसापासून गळती सुरू. ज्यांना रोल मिळाला ते येतात (ते पण उशिरा), बाकीच्यांचे ग्रुपवर नुसते अंगठे. "दादा काय लागलं तर हक्काने सांगा हां" असं सगळे म्हणतात आणि खरंच लागतं तेव्हा एकाचा फोन लागत नाही. मागच्या नाटकाला मेकअप करून बसलेल्या पात्रांनीच शेवटी फ्लॅट (सेटच्या कापडी भिंती) उचलले, आणि ज्याने म्हाताऱ्याचं काम केलं त्याची अर्धी मिशी एका फ्लॅटला चिकटून राहिली, पहिला अंक त्याने अर्ध्या मिशीवर काढला. लोकांना वाटलं असंच असेल काहीतरी नवीन.

तर विचारायचं हे की पडद्यामागच्या कामाला माणसं कशी धरून ठेवता? पैसे द्यावेत का? बायका-मुली यायला तयार असतात पण घरून अडतं, त्याचं काय करता? आणि मधेच सोडून जाणाऱ्याला काय बोलायचं, की बोलायचंच नाही?

विंगेतला (रत्नागिरी):

उत्तर तुझ्या पोस्टमध्येच आहे बघ. आधी पात्रं ठरली, मग बाकीचे. म्हणजे तुमच्याकडे बॅकस्टेज हे रोल न मिळालेल्यांचं खातं झालंय. ज्याला काल सगळ्यांसमोर "तुझं जमत नाही" म्हटलं त्यालाच आज फ्लॅट धरायला बोलवताय, कशाला येईल तो?

आमच्याकडे वाचनाच्या दिवशीच फळ्यावर सगळी कामं लिहितात आणि ती पात्रांच्या आधी वाटतात. नेपथ्य, प्रकाश, संगीत, रंगभूषा, कपडेपट, प्रॉपर्टी, प्रॉम्प्टिंग, हॉल, जेवणखाण. एका कामापुढे एकच नाव, त्याला हाताखाली कोण हवं ते तो स्वतः निवडणार. गंमत म्हणजे असं केल्यावर कळतं की बऱ्याच जणांना रोल नकोच असतो, लाजून सांगत नाहीत एवढंच. आमच्यात एकजण सुतारकाम करतो, तो वर्षानुवर्षं वाचनाला येऊन मागे बसायचा आणि मग गायब. फळ्यावर "नेपथ्य" लिहिलेलं बघून पहिल्यांदा तोंड उघडलं त्याने, म्हणाला तुमच्या फ्लॅटना मागून आधारच नसतो, दार आपटलं की भिंत हलते, मला बघवत नाही. त्याला ते बघवत नव्हतं आणि आम्ही त्याला नोकराची दोन वाक्यं देऊ की नको यावर चर्चा करत होतो!

दुसरं म्हणजे काम दिलं की ते पूर्ण त्याचं. आमच्या प्रॉपर्टीचं सांगतो. विंगेत एक टेबल असतं, त्यावर पांढरा कागद चिकटवलेला आणि प्रत्येक वस्तूचा आकार मार्करने काढलेला, तांब्याच्या जागी गोल, चष्म्याच्या जागी चष्मा, पत्राच्या जागी चौकोन. प्रवेश संपला की वस्तू परत आपल्या आकारावर. काळोखात हात घातला की मिळते आणि आकार रिकामा दिसला की लगेच कळतं कोण वस्तू खिशात घालून बसलाय. हे सांभाळणारी मुलगी फार्मसीला आहे, आमच्या सगळ्यात सीनियर नटाला ती टेबलाला हात लावू देत नाही, मागितलं तरच देते आणि परत आल्यावर टिक करते. तो कुरकुरतो. पण तिची एकही तालीम चुकत नाही, त्याच्या चुकतात.

आणि राज्य नाट्यला जाणार असाल तर पोरांना हे सांगा की तिथे नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांना वेगळी बक्षिसं असतात. नुसत्या नटांची स्पर्धा नाहीये ती. इथे रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहात आपल्या वाट्याला जेवढा वेळ येतो त्यात टेम्पो रिकामा करायचा, सेट उभा करायचा, लाइट टांगून फोकस करायचे, मेकअप, नारळ, घंटा, आणि पडदा पडल्यावर सगळं उतरवून स्टेज मोकळं कारण उद्या दुसरा संघ. तिथे सवय नसलेली हौशी गर्दी असली तर एकमेकांच्या पायात येतात. म्हणून सीन चेंजची तालीम वेगळी घ्या, पात्रांना घरी ठेवून. पूर्ण काळोख करून, मोबाईलवर वेळ लावून. त्या दिवशी पोरांना पहिल्यांदा वाटतं की आपलंही काहीतरी बसवलंय.

सोडून_गेलेला (चिपळूण):

मी मधेच सोडून गेलेल्यांपैकी एक, म्हणून त्या बाजूने लिहितो. कॉलेज संपल्यावर एका ग्रुपला जायला लागलो, रोल पाहिजे होता हे खरं आहे, खोटं कशाला बोलू. नाही मिळाला, ठीक आहे. मग रोज संध्याकाळी सात वाजता ये म्हणाले. सातला मी, कुलूप उघडायला मी, झाडू मारायला मी, चहा आणायला मी. हिरो मंडळी साडेआठला येणार, त्यात एक फोनवर बोलत बाहेर फिरणार, नऊला तालीम सुरू, आणि मला काय करायचंय हे कोणी सांगतच नाही. नुसतं बसून राहायचं. एकदा दिग्दर्शकांना विचारलं की मी नक्की काय बघू, तर म्हणाले "तू बघत राहा, शिकशील." बघत राहिलो बाबा. शिकलो काय तर कोणाच्या चहात साखर किती.

प्रयोगाच्या दिवशी माइकवर सगळ्यांची नावं घेतली, लेखक दिग्दर्शक कलाकार, मग प्रमुख पाहुणे, मग ज्यांनी सतरंजी दिली त्यांचं पण नाव, आणि शेवटी "आणि इतर सहकारी". मी पडद्याच्या दोरीवर उभा होतो. घरी आई विचारते तुझं नाव कुठे घेतलं, मी काय सांगणार?

भांडण नाही केलं, ग्रुप पण लगेच सोडला नाही, फक्त जायचं बंद केलं. सोडणारा असाच सोडतो, सांगून नाही. त्यामुळे दादा, त्याला काय बोलायचं हे विचारण्यापेक्षा तो शेवटचा आला त्या दिवशी काय झालं होतं ते आठवून बघा. आणि हो, सातला बोलावलं तर सातला सुरू करा. ज्याचं काम दुसऱ्या अंकात आहे त्याला पहिल्या दिवसापासून रोज कशाला बसवून ठेवता.

प्रॉम्प्टरबाई (मालवण):

सोडून_गेलेला, वाचून वाईट वाटलं रे. आमच्याकडे नावं वाचायचा कागद मी स्वतः लिहिते, उलटा लिहिते. आधी दोरीवाला, मग जेवणवाले, असं करत करत शेवटी नायक. नायक कुरबुरला होता पहिल्यांदा. कुरबुरू दे.

बायकांच्या प्रश्नावर लिहिते कारण ते पुरुषांना कळत नाही असं नाही, पण लक्षात येत नाही. घरून अडतं म्हणजे काय अडतं ते विचारलंत का कधी? "नाटक नको" असं आता फार थोडी घरं म्हणतात. अडतं ते येण्याजाण्याला. तालीम आठला सुरू, दहाला संपणार, तोवर गावात जाणारी शेवटची एसटी कधीच निघून गेलेली, मग त्या मुलीला कोण सोडणार? कोणाच्या तरी बाईकवर? मग दुसऱ्या दिवशी वाडीत कोण बघितलं आणि कोण काय बोललं. आम्ही साधं केलं. बायकांचे प्रवेश आधी घ्यायचे, साडेसहाला, आणि साडेआठच्या आत मोकळं करायचं. राहिलेल्यांसाठी एक रिक्षा ठरलेली, तीच रिक्षा, तोच रिक्षावाला, त्याचा नंबर घरच्यांकडे. आणि मंडळातली एक मोठी बाई पहिल्यांदा घरी जाऊन आईला भेटून येते, फोन नाही करायचा, जायचं. चहा प्यायचा, तालीम कुठे असते कोण कोण असतं सगळं सांगायचं आणि आईलाच बोलवायचं एक दिवस बघायला. एक आई अशी बघायला आली ती आता आमचा कपडेपट सांभाळते, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली तरी आई येतेच आहे.

कपडेपटाचं काम पण किती मोठं आहे बघा, आणि ते नाटक नसतानाचं काम आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात पेटीतल्या शालूला बुरशी, जरीला काळं, चामड्याच्या चपलांवर पांढरी लव. जूनच्या आधी सगळं धुऊन खडखडीत वाळवून ठेवावं लागतं आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं की सगळं परत अंगणात. त्या दिवशी आम्ही मुद्दाम सगळ्यांना बोलावतो, पोरंटोरं फेटे घालून नाचतात, जुन्या नाटकांच्या गोष्टी निघतात. ज्याला रोल नाही तो पण येतो त्या दिवशी, आणि पुढचं वाचन कधी आहे ते तिथेच ठरतं.

आता माझं स्वतःचं काम. प्रॉम्प्टिंग म्हणजे वही घेऊन बसायचं आणि अडला की सांगायचं असं लोकांना वाटतं. पंचाईत ही असते की नट थांबलाय तो विसरून की मुद्दाम. विसरला नसेल आणि मी शब्द टाकला तर त्याचा पॉज मेला. म्हणून मी पहिल्या तालमीपासून लागते, वहीत पेन्सिलने खुणा, इथे हा श्वास घेतो, इथे ही पाणी पिते मग बोलते. विसरलेला माणूस ओळखू येतो हो, त्याचे डोळे प्रेक्षकांवरून सुटून जमिनीवर येतात. टॉर्चच्या काचेला लाल जिलेटिन लावा, पांढरा उजेड पहिल्या रांगेतून दिसतो. तर सांगायचं हे की प्रयोगाच्या आदल्या दिवशी "अगं जरा वही धरून बसशील का" असं ज्याला सांगता तो प्रॉम्प्टर नव्हे.

पडेल_ते_काम (देवगड):

बापरे, सगळ्यांचे आभार. सोडून_गेलेला, तुझं वाचून आमच्याकडचे दोघं आठवले, कुलूपवालं तर अगदी सेम आहे. प्रॉम्प्टरबाई, रिक्षाची आयडिया उचलतो.

पैशाचं कोणी बोलत नाहीये पण. आमच्यात यावरून वाद आहे, एक गट म्हणतो लाइटवाल्याला देतो तर सेटवाल्याला का नाही.

लोड_किती (गुहागर):

लाइटवाला बोलतोय. मी वायरमन आहे, परवानाधारक, नाटकाचे लाइट हौसेने करतो, आणि पैसे घेतो. आता बोला.

कारण सांगतो. शाळेच्या हॉलमध्ये तुम्ही आठ जुने पार (स्टेजचे मोठे दिवे) लावता, एकेक हजार वॅटचा. झाले आठ हजार वॅट. २३० व्होल्टला ते साधारण ३५ अँपिअर होतात. आणि हॉलमध्ये असतं काय, १५ चं एक पॉइंट, ते पण पंख्याच्या लाइनवरून काढलेलं आणि मागे वायर कुठली आहे ते देवाला माहीत. मग कोणीतरी उत्साही स्वयंसेवक फ्यूजच्या जागी जाड तार घालतो की "आता नाही उडणार". नाही उडणार हो, वायर जळेल. वर कापडाचे फ्लॅट, खाली प्रेक्षक. हे हौसेवर सोडायचं काम नाही. महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन घ्या नाहीतर जनरेटर, अर्थिंग बघा, आणि जमत असेल तर एलईडी पार भाड्याने आणा, दीडएकशे वॅटच्या आसपास एक, सगळा हॉल नेहमीच्या लाइनवर निघतो. जुन्या लोकांना एलईडीचा पिवळा आवडत नाही, मला पण नाही आवडत, पण आग लागण्यापेक्षा बरा.

खाऱ्या हवेत ठेवलेले लाइट दर सीझनला उघडून साफ करावे लागतात, स्क्रू गंजतात, सॉकेट हिरवं पडतं, क्लँप हातात येतो. वर टांगलेल्या प्रत्येक लाइटला सेफ्टी चेन पाहिजे म्हणजे पाहिजे.

तर ज्याच्या चुकीने माणूस मरू शकतो त्याला पैसे द्या आणि त्याच्याकडून जबाबदारी घ्या. बाकीच्यांना पेट्रोल आणि पोटभर जेवण. यात अपमान कसला आला?

सोडून_गेलेला (चिपळूण):

लोड_किती, बाकी सगळं मान्य पण "पेट्रोल आणि जेवण" हे बोलायला सोपं आहे. आम्हाला पेट्रोल पण मागावं लागायचं. तीस किलोमीटरवरून येणारं पोरगं पेट्रोलचे शंभर रुपये मागत नाही हो, लाजतं, यायचं बंद करतं. मागायला न लावता द्या. हिशेबाच्या वहीत पहिली ओळ तीच टाका, हारतुऱ्यांच्या आधी.

लोड_किती (गुहागर):

हे बरोबर बोललास. शाल-श्रीफळाला पैसे असतात आणि पेट्रोलला नसतात हे मी पण बघितलंय.

चाकरमानी_डोंबिवली:

मी गावच्या मंडळाच्या मुंबईकडच्या अर्ध्या भागातला. आमच्याकडे शिमग्याला नाटक असतं, अर्धी पात्रं मुंबईत अर्धी गावात, इकडे डोंबिवलीत एकाच्या हॉलमध्ये सोफा बाहेर काढून तालीम, तिकडे देवळाच्या सभामंडपात तालीम, आणि दोन्ही अर्धी एकत्र येतात ती शेवटचे दोनतीन दिवस. हिरो म्हणतो "ये" आणि नायिका भलत्याच बाजूने येते कारण तिकडे तसंच बसवलेलं असतं. आता व्हिडिओ कॉल आहेत, पूर्वी काय करत असतील देव जाणे.

मला जे सांगायचंय ते वेळापत्रकाबद्दल. माणसं टिकत नाहीत असं तुम्ही म्हणता, पण तुम्ही बोलावता कधी ते बघितलंत का? कोकणातल्या माणसाला वर्षात कधी वेळ असतो हे कोकणातल्याच मंडळाला कळत नाही ही कमाल आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटीवाली पोरं किनाऱ्यावर, जाळी विणत बसलेली. तेव्हा त्यांच्याकडून सेटचं काम करून घ्या, गाठी मारण्यात त्यांचा हात कोण धरणार? पडदे, दोऱ्या, वर टांगायचं सगळं त्यांना द्या. पण तेव्हाच भातलावणी, म्हणजे शेतीवाल्यांना बोलवू नका. ऑगस्ट लागला की बोटी गेल्या, लावणीवाले मोकळे. मग गणपती, तेव्हा कोणीच नाही, पण आम्ही असतो! चाकरमान्यांना गणपतीत रंगकाम द्या, दुपारी झोपा काढतात नुसते. ऑक्टोबरात कापणी. पुढे मोहोर धरला की बागायतदार फवारणीच्या मागे, मार्चपासून आंबा, तेव्हा त्याला नाटकाचं नाव पण काढू नका, पेटी भरताना डायलॉग कोण पाठ करणार. आणि तुमची स्पर्धा येते बरोबर कापणी आणि फवारणीच्या मधे.

तर बारा महिने बारा माणसं मिळणार नाहीत, ते सोडून द्या. पण दोन महिन्यांना चार अशी मिळतात. फक्त त्यांना आधी सांगायचं की तुझं काम जुलै संपला की संपलं, मग मोकळा. कधी संपणार हे माहीत असलं की माणूस हो म्हणतो.

विंगेतला (रत्नागिरी):

हे मला सुचलं नव्हतं, जुलैमध्ये सेट. आम्ही आपले आदल्या आठवड्यात खिळे मारत बसतो. फक्त पावसात प्लाय फुगतो तेवढं बघा, फ्रेम तेव्हा करायच्या आणि कापड नंतर ताणायचं.

पेटारेवाला (कुडाळ):

गाववाल्यांनू, तुमचा सगळा वाचलंय. माका हसाक येता. आमच्या दशावतारात बॅकस्टेज असा कायच नाय. एक बाक, एक पडदो, पेटी, पखवाज नि झांज. संहिता नाय, म्हणजे प्रॉम्प्टर नाय. जो राजा होता तोच आपलो रंग आपण लावता, नि नाटक सोपला की तोच सामान बांधता. जुनी माणसा पेटारो डोक्यार घेवन एका जत्रेतसून दुसऱ्या जत्रेक चालत जायत, म्हणान तर म्हणतत ना, रातीक राजा नि सकाळी डोक्यार बोजा. तुमच्या नटांका जरा फ्लॅट उचलूक लावलास तर काय बिघडला? मिशी मगे लावा म्हणजे झाला.

प्रॉम्प्टरबाई (मालवण):

पेटारेवाला, खरा सांगलास! मगे लावा मिशी.

पण दशावतारातला नट रात्रभर तेच करतो आणि त्याचं पोट त्यावर आहे. आमचा नट सकाळी बँकेत जातो, त्याला दोन तास शांत बसून मेकअप करू दिला तरच तो जरा राजा दिसतो. तरी प्रयोग संपल्यावर सेट उतरवायला सगळ्यांनी हात लावायचा हा नियम आमच्याकडे आहे, पाहुण्यांबरोबर फोटो नंतर. तो पाळला जातो तेव्हा मंडळात भांडणं कमी होतात हे मी बघितलंय.

निवृत्त_हेडक्लार्क (राजापूर):

उशिरा आलो. एका कामाचा उल्लेख कोणी केला नाही, कागदपत्रांचा. आणि ते करायला गावोगाव माझ्यासारखे पेन्शनर रिकामे बसलेले आहेत, त्यांना कोणी विचारत नाही कारण सगळ्यांना वाटतं म्हाताऱ्याला फ्लॅट उचलता येणार नाही. मला फाईल उचलता येते.

लेखकाची लेखी परवानगी, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकाची संहिता तपासणारं सरकारी मंडळ) प्रमाणपत्र, हॉलचं पत्र, पोलीस ठाण्याचं पत्र, ध्वनिक्षेपकाची परवानगी. शेवटच्यात घोळ होतो. उघड्यावर रंगमंच असेल तर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, २००० सालचे नियम आहेत, ठराविक दिवसांना बारापर्यंत सूट मिळते पण ती वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस, आणि ते दिवस गणपती-नवरात्रात संपतात. बंद सभागृहाला हे लागू नाही. तेव्हा देवळासमोर दोन अंकी करणार असाल तर पहिली घंटा सातला द्या, साडेनऊला पाहुण्यांचं भाषण संपत नाही असं होऊ देऊ नका.

परवानगीबद्दल. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२ मध्ये हौशी मंडळाने विनातिकीट प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला सूट आहे, पण म्हणून लेखकाला न विचारता करू नये, आणि स्पर्धेत तर पत्र मागतातच. तिकीट लावलं तर मानधन आलंच. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. आपले मामा वरेरकर, जन्म चिपळूणचा, मालवणच्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव आहे, ते १९६४ साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली नाटकं २०२५ पासून सगळ्यांना मोकळी. कोणत्या मंडळाच्या लक्षात आलंय का? मला तरी कोणी करताना दिसलं नाही. भाषा जुनी वाटेल पण बायकांच्या बाजूने असं लिहिणारा माणूस त्या काळात होता हे आजच्या पोरांनी बघावं असं आपलं मला वाटतं.

मंडळ नोंदवलेलं नसेल तर सात माणसं लागतात, धर्मादाय कार्यालयात जावं लागतं, दरवर्षी हिशेब द्यावे लागतात. हेही मी आमच्याकडे करतो. तालमीला मी जात नाही, रात्री गाडी चालवता येत नाही. पण प्रयोगाला पहिल्या रांगेत खुर्ची असते.

पडेल_ते_काम (देवगड):

काका, तुमच्यासारखं कोणी आमच्या गावात शोधतो, नाहीतर तुम्हालाच फोन. आमच्याकडे परिनिरीक्षणचं काम दर वेळी दिग्दर्शकच शेवटच्या क्षणी धावत करतो आणि मग तालमीत चिडचिड करतो.

आज तालमीला गेलो आणि फळा पुसून कामं लिहिली. पात्रं आधीच ठरली आहेत त्यामुळे उलटं काही करता येत नव्हतं, पण नेपथ्यापुढे लगेच नाव आलं, प्रॉम्प्टिंगपुढे अंगणवाडीच्या बाई स्वतःहून. प्रॉपर्टीपुढे अजून कोणी नाही. पेट्रोलचा विषय काढला तर खजिनदार म्हणाले आधी वर्गणी गोळा करा, मग बघू. यावर सोमवारी परत बसायचंय. ते दोघं कुलूपवाले, त्यांच्या घरी जाऊन आलो, एकजण भेटला, तो "बघतो" म्हणाला. दुसऱ्याच्या आईने चहा दिला, तो बोटीवर गेला होता.

बोटीवाल्यांचं ऐकून एक प्रश्न, आमचे दोघं आता ऑगस्टपासून नसणारच, तर यंदाच्या फ्लॅटचं काय करू? नवीन करायला ना वेळ ना पैसे. दोन फ्लॅट लागतात, एक दाराचा एक खिडकीचा.

विंगेतला (रत्नागिरी):

आमच्याकडे दाराचा एक पडून आहे, दहा फूट उंच, चौकट मजबूत, सुताराने मागून ब्रेस मारलेले. खिडकीचा पण आहे पण त्याचं कापड बदलावं लागेल. तुमच्या शाळेच्या हॉलची उंची मोजून कळव, नऊ असेल तर कापायला तो देणार नाही, आधीच सांगतो. टेम्पोचं भाडं तुमचं.

चाकरमानी_डोंबिवली:

टेम्पो करू नका, मी गणपतीला पिकअप घेऊन येतोय रत्नागिरीवरून, मागे रिकामाच असतो. राजापूरला काकांकडे थांबतो, त्यांचं फाईलचं काय द्यायचं असेल ते पण आणतो.